सासऱ्यांचा पेपर आणि फोनमधली बाई

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आलं ते बचत गटात सही करायलाच. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणी वाचलंच, तर चुका सोडून वाचावं.

माझे सासरे जव्हारला रोपवाटिकेत रोजावर होते. तिथे साहेबांचा पेपर वाचून वाचून त्यांना त्याचं व्यसन लागलं. काम सुटलं, पण पेपर सुटला नाही. सकाळच्या एसटीने तो पाड्यावर यायचा आणि सासरे ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. मधे मधे पुढाऱ्यांना शिव्या द्यायचे. येणारेजाणारे बातम्यांपेक्षा शिव्या ऐकायलाच थांबायचे.

मग त्यांची नजर गेली. ऑपरेशन झालं, पण डोळ्यांच्या मागचा पडदाच खराब झालाय, असं डॉक्टर म्हणाले. तरी ते रोज पेपर घ्यायचे, मांडीवर ठेवायचे आणि संध्याकाळी घडी घालून रद्दीत टाकायचे. जेवण अर्ध्यावर आलं. शिव्याही बंद झाल्या, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मीच वाचून दाखवायला हवं होतं. पण आमच्या घरात सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. मी तर मोखाड्याकडे माहेरी असतानाही कोणाशी फार बोलले नाही. घरचे निरोप मुलगीच पोचवायची, "आजोबा, आई म्हणते भाकर झाली." ती कॉलेजसाठी जव्हारच्या वसतिगृहात गेली. नवरा वर्षातले जास्त महिने भिवंडीला बांधकामावर. घरात आम्ही दोघं, आणि मधे एक दार.

सुट्टीत मुलगी म्हणाली, "आई, एक अ‍ॅप आहे. पेपरचा फोटो काढला की वाचून दाखवतं. अगदी माणसासारखा आवाज. पण फोन चांगला लागेल."

मी गटात कर्ज मागितलं. अध्यक्षबाई म्हणाली, "अगं, बकरीला घे, कोंबड्यांना घे. फोन काय दूध देतो?"

मागून कोणीतरी म्हणालं, "देतो गं! नवऱ्याचा फोन आला की हिचं तोंड बघ, साय आल्यासारखं होतं."

सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून सही केली.

पहिल्या दिवशी मुलीने फोन पेपरवर धरला आणि आवाज सुरू झाला. सासरे खाटेवर ताठ बसले.

"कोण बाई आली?"

"फोन आहे आजोबा."

"फोन आहे ते कळतंय मला. आवाज बाईमाणसाचा आहे ना? उघड्या अंगाने कसा ऐकू? सदरा आण माझा."

सदरा घातला, टोपी घातली, मग म्हणाले, "हं, आता वाचा बाई."

बाई गोड वाचायची. अपघात, खून, लग्नाची जाहिरात, सगळं एकाच गोडव्यात. फक्त पेपरातले रकाने तिला कळायचे नाहीत. या रकान्यातून सरळ त्या रकान्यात जायची. एकदा तिने वाचलं, "मंत्र्यांनी धरणाची पाहणी करून सांगितले की, सणानिमित्त गादीवर गादी मोफत."

"पहिल्यांदा खरं बोलला!" म्हणत सासऱ्यांनी एक शिवी हासडली. मी चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबला.

मुलगी परत गेली. आता फोन मी धरायची, दाराआडून हात लांब करून. सासरे फोनलाच सांगायचे, "बाई, घरात सांगा, चहा पाहिजे." मी चहा करायची. आपण लिहिलेलंही फोन बोलून दाखवतो, हे मुलीने मला शिकवलं होतं. एकदा मी एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि बाई शहरी झोकात बोलली, "साखर संपली आहे."

सासऱ्यांनी टोपी सरळ केली. म्हणाले, "मग गूळ टाका म्हणावं."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. माझं बोट फार हळू चालायचं. "दूध तापत ठेवलंय" लिहून होईपर्यंत दूध चुलीत गेलेलं असायचं.

पावसात लाइट गेली ती आलीच नाही. त्या दिवशी पेपरात बातमी होती, कोणकोणत्या पाड्यांना नळ मिळणार त्याची. बाईने सुरुवात वाचली. "पुढील पाड्यांचा समावेश आहे," एवढं म्हणाली आणि फोन बंद पडला.

"बाई?" सासरे म्हणाले. "अहो बाई, पुढे?" त्यांनी चाचपडत माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, हलवला, मग मांडीवर ठेवून बसले. पूर्वी पेपर ठेवायचे तसे.

ते मला बघवेना. पेपरचं पान माझ्या हातात होतं. दाराआडूनच मी एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले. एक पाडा वाचायला मला वेळ लागायचा, तेवढ्यात सासरे त्या पाड्याच्या पुढाऱ्याचा उद्धार करून मोकळे व्हायचे. यादी संपली. आमचं नाव नव्हतं. त्यावर जे झालं ते इथे लिहिता येणार नाही.

दमल्यावर ते बंद फोनला म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुम्ही फार भरभर वाचता. मला शिव्या द्यायला सवड मिळत नाही. घरात सांगा, मोठ्या बातम्या तिनेच वाचाव्यात."

"बरं," मी म्हणाले. तोंडानेच.

आता मोठ्या बातम्या माझ्याकडे आणि बारीक अक्षरं बाईकडे. सासरे दोन भाकरी खातात.

परसातल्या मोगऱ्याच्या कळ्या विकून मी हप्ते भरत होते. जिचं कर्ज संपतं तिने उभं राहून तसं सांगायचं, अशी आमच्या गटाची रीत आहे. शेवटचा हप्ता देऊन मी उभी राहिले आणि म्हणाले, "फोनचं कर्ज आज पूर्ण फिटलं." ओट्यावर ऐकू जाईल असं वाचायची सवय लागलेली, त्यामुळे आवाज फारच मोठा निघाला.

"अगं, आम्ही इथेच बसलोय," अध्यक्षबाई कानावर हात ठेवून म्हणाली, आणि तिने पावती फाडून दिली.