दहा बाय वीसचं निमंत्रण

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या नातेवाइकांपैकी कोणीही वांगं खात नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे.

झालं असं, की सावद्याला नानांच्या (म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या) केळीच्या बागेत भरीत पार्टी ठरली. आमच्याकडे भरीत पार्टी लग्नाइतकीच गंभीर असते, आणि या वेळी तर खरंच लग्नाचा प्रश्न होता! माझ्या लेकीचं, रेणूचं, ज्या मुलाशी जमत आलं होतं, त्याचे वडील, धुळ्याचे आबा, सहकुटुंब येणार होते. माणसं कशी आहेत ते बघून होकार कळवणार होते.

कोणी काय आणायचं ते व्हॉट्सॲपवर टाकलं, तर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडलं जातं. म्हणून सगळ्यांना ईमेलनं झकास वार्तापत्र पाठवायचं मी ठरवलं. रेणू पुण्यात हेच काम करते, कंपन्यांची ईमेल-पत्रं सजवते. पण तिला कशाला विचारायचं? जळगावातल्या निम्म्या चौकांतले फ्लेक्स कोणी केले? मी!

तरी तिचा फोन आलाच. "पप्पा, पाठवायच्या आधी मोबाईलवर बघा. एकाखाली एक ओळी घ्या, अक्षर मोठं ठेवा."

"अगं, दहा बाय वीसचे फ्लेक्स करणारा माणूस मी! मला अक्षरं शिकवतेस?"

"पण मेल काय चौकात टांगणार आहात का?"

मी फोन ठेवला. फ्लेक्सचा नियम असा, की भरधाव मोटारसायकलवाल्याला निदान एक शब्द दिसला पाहिजे. मी मधोमध हिरव्यागार अक्षरांत ‘वांगी!’ ठोकलं (आमचं भरताचं वांगं हिरवंच असतं). डावीकडे हात जोडलेला मी. खाली तमाम नातेवाइकांचे गोल फोटो (त्याशिवाय फ्लेक्स कसला?). उरलेल्या जागेत कोणी काय आणायचं ते. दुकानातल्या भल्यामोठ्या स्क्रीनवर पाहिलं. अहाहा! ते अख्खं चित्रच मेलमध्ये चिकटवलं आणि दिलं सोडून.

पार्टीच्या दिवशी पहिली जीप आली. त्यातून एक पोतं उतरलं. वांगी! दुसरी गाडी आली. वांगी! मोटारसायकलवरून मावसभाऊ आला, मागे बायको, मांडीवर टोपलं... वांगी!

"अहो, तेल कुठंय? मिरच्या? भाकरी?" मी ओरडलो.

नानांनी आपला मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. इवल्याशा पडद्यावर फक्त दोनच गोष्टी दिसत होत्या. हात जोडलेला मी, आणि ‘वांगी!’ बाकी सगळी अक्षरं म्हणजे मोहरी सांडलेली!

"तूच तं लिव्हलं ना वांगे? मंग आम्ही वांगे आणले! मले काय सपन पडलं तेलाचं?"

"घरच्याच बांधावर वांगी लागलेली असून नानांनी बाजारातून वांगी आणली," आमची ही म्हणाली, "इतका परिणाम होतो हो तुमच्या फ्लेक्सचा!"

तेवढ्यात आबांची गाडी आली. आबा उतरले. हातात मिठाची पुडी.

"आमच्या नावापुढे मीठ होतं," ते अभिमानानं म्हणाले. "ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाचलं!"

माझं वार्तापत्र पूर्ण वाचणारा जगातला एकमेव माणूस! मी त्यांना मिठीच मारली. पण मिठी मारून भरीत होत नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला होता, आणि होणारे व्याही वांग्यांच्या ढिगाकडे बघत उभे होते.

पुण्याहून आलेली रेणू बांधावर बसली. चुलत भावंडांच्या दोन गाड्या अजून जळगावातून निघायच्या होत्या. तिनं मोबाईलवरूनच सगळ्यांना नवा मेल केला. ना फोटो, ना रंग. टपोऱ्या अक्षरांत एकाखाली एक नाव, आणि नावाच्या खालीच वस्तू. सगळ्यात वर ‘वांगी आणू नका.’

गाड्या आल्या. तेल आलं, मिरच्या आल्या, लसूण, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, सगळं आलं! लाकडी बडगीत भरीत कुटलं गेलं. आबांनी रेणूचा मेल मोबाईलवर, चष्मा न लावता, खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"पोर हुशार शे! बठ्ठं वाचता उनं!" आबा आनंदात आले की थेट अहिराणीत उतरतात (म्हणजे सगळं वाचता आलं). "आमचा होकार शे!"

आनंदानं मला उभ्या उभ्या कल्पना सुचली. "लग्नाची पत्रिका मी करतो! दहा बाय..."

"पत्रिका मी करणार," रेणू म्हणाली.

"मग मी मुलीचा बाप, मी काय करू?"

अख्खं खानदान, आबांसकट, एका सुरात ओरडलं, "मीठ आणा!"