पांढऱ्या दगडाला कान लावणारे साहेब

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत विहीर खणताना पांढरा दगड लागला. तो पाहायला नागपूरहून एक सरकारी भूगर्भतज्ज्ञ येऊ लागले. दगडावर आम्लाचे थेंब टाकून ते फेसाला कान लावत.

“काय बोलून रायला दगड, साहेब?” बाबा विचारत.

“समुद्रतळाचा चुनखडक हा. जमिनीच्या पोटात खोल गेला, तापून-दाबून संगमरवर झाला. पण आतला वायू धरून राहिला. तो आज आम्लानं सुटतोय.”

पुढे छप्पन साली राज्यांची फेररचना झाली; नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. शेवटच्या चहाला बाबांनी विचारलं, “आता तुमचं येनं होईन का?”

त्यांनी कप खाली ठेवला. “पाणी लागलं की कळवा,” एवढंच म्हणाले.

पाणी लागलं. पण त्यांचं नाव-पत्ता आम्ही कधी विचारलंच नव्हतं.