दोन बोटं माया

देऊळघाटात मी ब्लाउज शिवते. चार महिने कोणी नवं कापड आणलं नव्हतं. शेजारीण पिशवी घेऊन आली तशी मी टेप गळ्यात घातला. पिशवीतून निघाला तिच्या लग्नातला, मीच शिवलेला ब्लाउज.

"ढिला करून दे व बाई. आत माया हाय ना. नवा काऊन शिवू?"

बाईचं अंग बदलतं, म्हणून शिलाईच्या आत मी दोन बोटं जास्तीचं कापड ठेवते. ती माया. तेवढाच माझा हट्ट.

चिडून उसवलं. बाहेरून विटलेला ब्लाउज आत अजून गर्द हिरवा होता. एक बोट सोडलं. उरलेलं कापून टाकावं, म्हणून कात्री उचलली. कापवेना. उलट त्याची कड हातानं शिवून घेतली, सुतं निघू नयेत म्हणून. आता आणखी दहा वर्षं ती नवा शिवणार नाही.