दुसऱ्याच्या हातचा नकाशा

पॉलिटेक्निकमध्ये तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर मी एका प्राध्यापक मित्राची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या मुलीच्या हातात एक झेरॉक्स होती. मधल्या वर्तुळात 'मोटर' आणि त्यातून चहूकडे निघालेल्या फांद्या. मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलीने हाताने काढलेला हा नकाशा इथे सगळेच पाठ करतात.

"वैशू, बेअरिंगच्या फांदीवर 'आत्या' असं काय लिहिलंय गं?" तिच्या मैत्रिणीने विचारलं.

"तिची आत्या झोपेत घरघरत असेल, बेअरिंग गेलेल्या मोटरसारखी."

मैत्रीण खळखळून हसली.

"हसू नकोस. दोनदा अडकलेय या विषयात. आज गेलं तर वर्ष गेलं."

काढणारीला तो एक शब्द पुरला असणार. रेघांची झेरॉक्स निघते. त्या ओढताना डोक्यात जे जुळलं, त्याची निघत नाही.

वैशूच्या आधी एकच जण उरला होता. तिने कागद उलटला, कोऱ्या बाजूवर वर्तुळ काढलं, एक फांदी ओढली आणि टोकाला विहीर काढली. खाली लिहिलं, 'पंप गुणगुणतो, फिरत नाही: कपॅसिटर गेला'. मग दुसरी फांदी, तिसरी. चौथी अर्ध्यावर असताना शिपायाने तिचा नंबर पुकारला. आत कागद नेता येत नव्हता. मैत्रिणीने तो घेतला, आडवा-उभा फिरवून पाहिला.

"अगं, यातलं मला काहीच कळत नाहीये!"

"मला कळतंय," वैशू म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.