ताराबची ओळ संपेपर्यंत

साथ करण्यात माझा हात धरणारं कुणी आमच्या गावात नाही, हे मी न लाजता सांगते. गाणारीच्या गळ्यातून हरकत निघाली न निघाली, की ती माझ्या व्हायोलिनवर उमटलेली असते. पुण्यात गुरुजींनी हे माझ्याकडून वर्षानुवर्षं घटवून घेतलं. पुढे अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले, औषधांच्या रिसर्चमध्ये जन्म गेला, पण रियाज सोडला नाही.

मागच्या वर्षी रिटायर झाले आणि दोन घरं पलीकडच्या शेजारीणबाईंनी मला चहाला बोलावलं. त्या मूळच्या झांझिबारच्या, पंचाहत्तरीच्या, एकेकाळच्या नर्स. तिकडच्या ताराब नावाच्या संगीताच्या वाद्यवृंदाबरोबर त्या गात आणि त्यांचा नवरा व्हायोलिन वाजवी. तो गेल्यापासून सात वर्षं त्या गायल्या नव्हत्या. आता नातीचं लग्न ठरलं होतं आणि नात आजीच्या गाण्यासाठी हटून बसली होती. त्या म्हणाल्या, व्हायोलिनशिवाय मी गाऊ शकत नाही, आणि या वेळी जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करणार नाही. मी ताबडतोब हो म्हटलं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, रिटायर झालीस म्हणून काय बँड जॉइन करणार?"

केला. त्यांच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी दुपारी तालीम असे. सगळे वादक खुर्च्यांवर आणि मी एकटी गालिच्यावर मांडी घालून. एकजण ऊद हे अरबांचं तंतुवाद्य छेडायचा, दुसरा मांडीवरच्या कानूनच्या पाऊणशे तारा. अकॉर्डियन युरोपातलं, ठेका आफ्रिकेचा, शब्द स्वाहिली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला हसूच फुटलं. चाल आमच्या एका जुन्या हिंदी सिनेमातली, जशीच्या तशी! मी तसं सांगितल्यावर बाई ठामपणे म्हणाल्या की हे त्यांच्या आईचं गाणं आहे. मी वाद घातला नाही. आमच्या संगीत नाटकांनी कुठकुठल्या चाली उचलल्या, ते मला ठाऊक आहे. मात्र दुसऱ्या गाण्यातला गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी बसलेला. तो बोटाला सापडायला तीन रविवार गेले.

पण माझी खरी फजिती पहिल्याच दिवशी झाली. बाई गायला लागल्या आणि मी सवयीनं त्यांच्यामागे सावलीसारखी निघाले. प्रत्येक वळण टिपलं. मनातून स्वतःवर बेहद्द खूश होते. दुसऱ्या ओळीत त्या थांबल्या. ऊदवाल्यानं मान खाली घातली.

"मी बोलत असताना तू का बोलतेस?" त्यांनी विचारलं.

त्या गटाची रीतच तशी होती. गाणारीची ओळ पुरी होईपर्यंत व्हायोलिननं गप्प बसायचं आणि मग उत्तर द्यायचं. मला राग आला. ज्या गुणासाठी लोक मला वाखाणतात, तोच इथे आगाऊपणा ठरला होता. तरी मी शिकले. सुरुवातीला तर गज चक्क मांडीवर आडवा ठेवून बसायचे.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी जरीची साडी नेसून स्टेजवरच्या ठेंगण्या चौरंगावर बसले. बाईंनी पहिलं कडवं असं म्हटलं की बायका जागच्या जागी डोलू लागल्या. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर मात्र त्यांचा आवाज गेला. अर्धी ओळ हवेत राहिली. ठेका चालू होता. अकॉर्डियनवाला माझ्याकडे बघायला लागला, नातही बघायला लागली. गाणारी अडली की साथीदारानं जागा भरायची, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं. चाल मला पाठ होती आणि हात शिवशिवत होता. पण ओळ त्यांची होती. मी गज उचलला नाही.

त्या पाणी प्यायल्या, त्यांनी डोळे पुसले आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग मी उत्तर दिलं. आयुष्यात इतकं चांगलं मी क्वचितच वाजवलं असेल. त्या पुढची चारही कडवी गायल्या.

जेवताना त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी आपली त्यांची समजूत काढायला गेले, म्हटलं, आज यजमानांची फार आठवण आली असेल तुम्हाला.

"आली ना," त्या म्हणाल्या. "तो असता तर त्यानं ती ओळ लगेच वाजवून टाकली असती. रीत ठाऊक असूनही चाळीस वर्षांत त्यानं माझी एक ओळ पुरी होऊ दिली नाही. माझं प्रेम होतं त्याच्यावर. पण आज मी पहिल्यांदा पूर्ण गाणं गायले."