अकरा वह्यांचा मुद्देमाल

ती फिर्याद मला आजही आठवते, आणि ती आठवण सुखाची नाही. जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तोच एक निवृत्त गुरुजी आत आले. जाफराबादपासून घनसावंगीपर्यंत एसटीने, जीपने हिंडून त्यांनी म्हाताऱ्यांकडून गावोगावचा इतिहास ऐकला होता आणि अकरा वह्यांत उतरवला होता. त्या वह्या घरातून चोरीला गेल्या होत्या. सांगणारे बहुतेक जण आता हयात नव्हते. वह्यांची चोरी म्हणून ठाणे अंमलदाराला हसू आले, पण मी गुन्हा दाखल करून घेतला. त्या प्रकरणात मी नीट केलेले काम एवढेच.

तिसऱ्या दिवशी एका जीपवाल्याने खबर दिली. गुरुजींचा शेजारी पोते घेऊन जाफराबादच्या रद्दीवाल्याकडे निघाला होता आणि अर्ध्या रस्त्यात उतरून पायीच परत गेला होता. मी त्याला ठाण्यात बोलावले. सराईत चोर आधी नाकारतो. याने खाली बघत एवढेच विचारले, "गुरुजी आता ते छापतील का?"

मी दरडावणे सोडले आणि चहा मागवला. मग तो बोलला. निजामाच्या काळात भीतीपोटी आपण रझाकारांना गावातल्या लढ्यातल्या माणसांची घरे दाखवली, असे त्याच्या वडिलांनी मरणापूर्वी गुरुजींना सांगितले होते. ते छापून आले असते तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग जाळल्या का नाहीस, असे मी विचारले.

"रद्दीवाला वाचंल म्हून परत आनल्या, मंग जाळायला काढल्त्या. पण बापाचं बोलणं जसंच्या तसं लिव्हेलं हाय त्यात. हात झाला न्हाई."

वह्या त्याच्या घरात गव्हाच्या कोठीत सापडल्या, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. आम्ही पाला झटकला, पंचनामा केला, कापडात बांधून लाखेचे सील मारले आणि गाठोडे मुद्देमाल खोलीत ठेवले.

गुरुजींनी कोर्टात वह्या परत मागितल्या. मी हरकत घेतली. भक्कम पुरावा मला हातचा सोडायचा नव्हता. निदान नक्कल तरी करू द्या, म्हणाले. सील तोडावे लागेल म्हणून त्यालाही मी नकार दिला. मग ते दर महिन्याला येऊन विचारायचे, वह्या बराबर आहेत ना. आमच्याकडे आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, असे मी ऐटीत सांगायचो. ती खोली पावसाळ्यात गळते, हे मला ठाऊक होते.

चौथ्या वर्षी खटला उभा राहिला. कोर्टात गाठोडे उघडले. सील शाबूत होते. आत वाळवीची माती होती आणि पुठ्ठ्यांचे तुकडे. गुरुजींनी त्या मातीतून बोट फिरवले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि निघून गेले. पुन्हा लिहायचे तर विचारायला कुणी उरले नव्हते.

चोरापासून वस्तू सोडवणे मी नोकरीत शिकलो. सोडवलेली वस्तू जपावी लागते, हे या प्रकरणाने शिकवले, आणि तेही सगळे गेल्यावर. एका जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांचे बोलणे माझ्या ताब्यात संपले. मला त्याबद्दल कुणी साधा जाबही विचारला नाही.

विचारले ते फक्त त्या आरोपीने. कोर्टाच्या पायरीवर तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "म्या पाला घातल्ता, साहेब. तुमी कामून झटकला?"