वहिनींचे खुराडे

डोंबिवलीचे दूधवाले महादूभाऊ भल्या सकाळी ठाण्याला आमच्या दारात उभे राहिले, तेव्हाच काय ते मी ओळखले. "वहिनी गेल्या," ते म्हणाले. आणि त्याच दमात, "कोंबड्यांना दाणे टाकून आलोय," हेही म्हणाले. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी यमुनावहिनी हे दुसरे वाक्य ऐकून समाधान पावल्या असत्या... त्याला आता महिना होत आला. मध्यंतरी शोकसभा झाली. वस्तीतल्या प्रत्येक सभेचे अध्यक्ष, वहिनींचे शेजारी अण्णासाहेब, त्यांच्या सोशिकपणावर भरभरून बोलले. खांद्यावरची शाल सारखी घसरत होती, आवाज मात्र घसरला नाही. त्यांच्याकडून जे सांगायचे राहून गेले, तेवढेच मी इथे लिहितो.

स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्याच वर्षी दादाला क्षय झाला. डॉक्टरांनी रोज अंडी द्यायला सांगितले. आमच्या डोंबिवलीच्या वस्तीत तेव्हा अंड्याचे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. आजाऱ्याला द्यायचेच तर दुधात फेटून आणि दार लोटून. वहिनींनी सरळ शहाडहून कोंबड्या आणल्या आणि परसात एका खोक्यात ठेवल्या. अण्णासाहेब कुंपणापाशी आले.

"यमुनाबाई, इथं घरोघर सत्यनारायण होतात."

"होऊ द्या की," वहिनी म्हणाल्या. "कोंबड्या काही प्रसाद मागायला यायच्या नाहीत."

पावसाळ्याच्या तोंडावर अण्णासाहेबांनी आपल्या छपराची पत्र्याची पन्हळ आमच्या परसाकडे वळवली. पूर्वी ती त्यांच्याच विहिरीमागे सांडत असे. आषाढातल्या एका दुपारी वहिनी दादाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. परत येऊन बघतात तो खोके पाण्याखाली, आणि कोंबड्या... अण्णासाहेब आपल्या ओसरीवरून म्हणाले, "निसर्गापुढं मनुष्य पामर आहे!" दादा दिवाळीपर्यंतही टिकला नाही. कोंबड्या जगत्या तर तो जगला असता असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मलाही वाटत नाही. वहिनींना वाटत होते, आणि पुढची सगळी वर्षे त्या त्याच खात्रीवर जगल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खुराडे बांधायला घेतले. मी सुट्टीत मदतीला गेलो होतो.

"आता कोंबड्या कुणासाठी, वहिनी?"

"अण्णासाहेबांसाठी."

पहाटेच्या आरवण्याने त्यांची झोप मोडायची असेल, असे मला वाटले. वहिनींनी दगडांचे जोते गुडघाभर उंच घेतले. नैर्ऋत्येची भिंत विटांची आणि बंद, कारण पाऊस तिकडूनच मारतो. उगवतीला जाळी, आणि तिच्यावर सोडायला डांबर फासलेले तरट. वर मंगलोरी कौले, आणि छप्पर चारी बाजूंनी हातभर बाहेर काढलेले. कौलांखाली वाऱ्याला फट ठेवली. नुसते बंद केले तर आतल्या आतच ओल धरते, असे त्या म्हणत. तळाला भाताचे तूस. दार मात्र बुटके.

"वाकावं लागेल," मी म्हणालो.

"लागेलच, भावोजी," असे म्हणून त्यांनी चौकट आणखी खाली घेतली.

त्या पावसाळ्यात अण्णासाहेबांच्या दिवाणखान्यात गळतीखाली घंगाळी मांडलेली होती. कोंबड्या कोरड्या होत्या.

काही वर्षांनी अण्णासाहेबांनाच खोकला लागला. तोच आजार, तेच डॉक्टर, तेच पथ्य. त्यांच्या पत्नी मालूताई मागच्या दाराने आल्या. वहिनी म्हणाल्या, "अंडी देईन, मालूताई. पण ज्यांना खायचीत त्यांनी यायचं. उजेडी यायचं, आणि कोंबडीखालून आपल्या हातानं काढून न्यायचं."

अण्णासाहेब आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी आणि हातात फुलांची परडी! पूजेची फुले खुडायला माणसे सकाळी शेजाऱ्यांच्या परसात हिंडत, तसा तो देखावा होता. पण वहिनींच्या परसात एकही फुलझाड नाही, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होते. लोक आपापल्या गच्चीत दात घासत उभे राहायचे. बुटक्या दारातून आत वाकताना टोपी तुसात पडायची. वहिनी ती उचलून, झटकून हातात द्यायच्या. रोज.

बरे झाल्यावर ते शालजोडी घेऊन आले. मी तिथेच होतो.

"आणखी काय देऊ, यमुनाबाई? संकोच नको."

"पन्हळ तुम्ही वळवलीत, एवढं चार माणसांत सांगा. बाकी काही नको."

"त्याचं असं आहे, त्या वर्षी पाऊसच इतका..." त्यांनी सुरुवात केली. वहिनी उठल्या आणि ती शालजोडी त्यांच्यादेखत कोंबड्यांखाली अंथरून आल्या.

त्यानंतर अण्णासाहेबांच्या प्रत्येक सभेला वहिनी पहिल्या रांगेत बसत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. पन्हळ त्यांच्या तोंडी कधीच आली नाही. शोकसभेतही आली नाही, आणि तिथे तर समोर बघत बसायलाही कुणी नव्हते.

अण्णासाहेबांचा एक परिपाठ आहे. रविवारची पुरवणी ते ओसरीवर बसून खणखणीत आवाजात वाचतात. सून, नातवंडे, शेजारीपाजारी ऐकायला जमतात. या लेखात आपले नाव पहिल्याच परिच्छेदात दिसल्यावर ते आणखी कुणाकुणाला हाक मारतील, घसा साफ करतील आणि पुढे वाचू लागतील... वाचा, अण्णासाहेब. थांबू नका. चार माणसे बसली आहेत.